हजेरीपटापासून उंबऱ्यापर्यंत: कोकणातल्या एका आर्किटेक्ट ऑफिसात समान संधी आणताना

समान संधीचं धोरण लिहून ऑफिसच्या भिंतीवर लावणं सोपं असतं. आर्किटेक्टच्या ऑफिसात ते पाळलं जातं की नाही, हे मात्र रोजच्या कागदांवर ठरतं: नेमणुकीचा गुणतक्ता, साइटवर कोण जाणार याचा तक्ता, टेंडरमधलं अंदाजपत्रक आणि मजुरांचा हजेरीपट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही सुरुवात या कागदांपासूनच केली. ज्या कामाला अंदाजपत्रकात स्वतःची ओळ आणि दर नाही, ते काम साइटवर होत नाही, हा बांधकामातला जुना अनुभव. बायकांसाठी संडास असो, रॅम्प असो की इंटर्नचं मानधन, त्यांनाही तोच न्याय लागतो. काय केलं, कुठे अडलं आणि का अडलं ते इथे सविस्तर मांडतो आहोत, म्हणजे चिपळूण, कणकवली किंवा अलिबागच्या एखाद्या ऑफिसला त्यातलं हवं ते उचलता येईल.

माणसं निवडताना

कोकणात आर्किटेक्टच्या ऑफिसची जाहिरात फिरते ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आणि तो ग्रुप बहुतेक वेळा मालकाच्या कॉलेजचा असतो. त्यामुळे अर्जच एका वर्तुळातून येतात आणि मग 'आमच्याकडे वेगळ्या घरातली मुलं अर्जच करत नाहीत' असं म्हटलं जातं. आम्ही जाहिरात मराठीत लिहिली, पगाराचा आकडा त्यातच छापला आणि ती आर्किटेक्चर कॉलेजांबरोबर पॉलिटेक्निक आणि आयटीआयलाही पाठवली. पगाराचा आकडा छापणं सगळ्यात महत्त्वाचं. तो न छापता 'अनुभवानुसार' लिहिलं की घासाघीस करता येणाऱ्याला जास्त मिळतं, आणि मुलींना घासाघीस करायची सवय घरातून लावलेली नसते.

पोर्टफोलिओवर निवड करणं आम्ही थांबवलं. गुळगुळीत कागदावरची रंगीत प्रिंट, भारी लॅपटॉपवर केलेली रेंडर हे सगळं पैशाचं काम आहे, त्यातून हात कळत नाही. त्याऐवजी उमेदवाराला एक दिवसाचं काम देतो आणि त्या दिवसाचे पैसे देतो. काम असं: गावातल्या एका जुन्या चिरेबंदी घराच्या दोन खोल्या आणि पडवी मोजायची, ऑफिसात येऊन नकाशा काढायचा. जुन्या जांभ्याच्या घरात खोली काटकोनात असेलच असं नाही. 4 मीटर बाय 3 मीटरच्या खोलीचा कर्ण 5 मीटर यायला हवा. प्रत्यक्षात एक कर्ण 5.08 आणि दुसरा 4.92 भरतो. ज्याने चारही भिंती मोजल्या पण कर्ण घेतला नाही, त्याचा नकाशा कागदावर जुळत नाही. ज्याने घेतला, त्याला इमारत कळते, मग तो कुठल्याही कॉलेजचा असो. भिंतीची जाडी, खिडकीच्या तळाची उंची, पडवीचा उतार कुठल्या बाजूला, वाशांमधलं अंतर, असे ठरलेले मुद्दे आणि प्रत्येकाला गुण. कागदावर नाव नाही, फक्त क्रमांक. दोघांनी वेगवेगळं तपासायचं आणि गुण लिहून झाल्यावरच एकमेकांशी बोलायचं. आधी बोललं की ज्येष्ठाचं मत दुसऱ्याच्या गुणांत उतरतं.

मुलाखतीत काय विचारायचं नाही तेही लिहून ठेवावं लागतं. लग्न कधी, मूल कधी, नवरा कुठे असतो, हे प्रश्न बंद करणं सगळ्यांना पटतं. अडतं ते एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर: "गाव कुठलं? त्यातली वाडी कुठली?" कोकणात वाडी कळली की जात कळते. विचारणाऱ्याच्या मनात काही नसलं तरी उत्तर देणाऱ्याला तो प्रश्न कशासाठी असतो हे लहानपणापासून माहीत असतं. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला, पण बोलण्यातली नावं पाटीबरोबर बदलत नाहीत. म्हणून कायमचा पत्ता आम्ही नेमणूकपत्र दिल्यानंतरच मागतो.

नेमणूक झाली की पुढची अडचण भाड्याच्या खोलीची. आडनाव ऐकून खोली 'आत्ताच गेली' असं सांगणारे घरमालक प्रत्येक शहरात आहेत. मुस्लिम किंवा बौद्ध मुलगा आणि एकटी राहणारी मुलगी यांना हे हमखास ऐकावं लागतं. चांगला उमेदवार महिनाभरात काम सोडून जातो आणि ऑफिसला वाटतं की त्याला गाव मानवलं नाही. यावर उपाय एकच चालला: अकरा महिन्यांचा भाडेकरार ऑफिसच्या नावाने करायचा, अनामत ऑफिसने भरायची आणि राहणाऱ्याकडून फक्त महिन्याचं भाडं घ्यायचं. करार करताना कोण राहणार ते घरमालकाला स्पष्ट सांगायचं, लपवायचं नाही. लपवलं तर त्रास शेवटी राहणाऱ्यालाच होतो.

इंटर्नच्या मानधनाबद्दल फार लिहायची गरज नाही. कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी द्यायचं नाही आणि 'पहिला महिना ट्रायल' म्हणून फुकट राबवायचं नाही. विनामोबदला इंटर्नशिप ज्याला परवडते तोच पुढे या धंद्यात टिकतो, आणि ती कोणाला परवडते हे सांगायला नको.

साइटवर कोण जातं

आमच्या क्षेत्रातली खरी शिडी साइटवर असते. पाया खोदल्यावर लागलेला कातळ पाहणं, स्लॅबच्या आदल्या दिवशी सळया तपासणं, छपराची कैची उभी राहताना हजर असणं, यातून माणूस प्रकल्प हाताळायला शिकतो. पेरीन मिस्त्री यांनी 1936 मध्ये मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून आर्किटेक्चरची पदविका घेतली, देशात हे शिक्षण पुरं करणाऱ्या त्या पहिल्या महिला मानल्या जातात. आज वर्गात मुलींची कमतरता नाही. पण ऑफिसात आल्यावर मुलग्यांना साइट आणि मुलींना वर्किंग ड्रॉइंग, इंटिरिअर, रंगांचे नमुने अशी वाटणी आपसूक होते. कारण दिलं जातं सुरक्षिततेचं. पाच वर्षांनी बढतीची वेळ आली की "तिला साइटचा अनुभव नाही" हेही तेच लोक म्हणतात.

म्हणून आम्ही एक तक्ता केला. उभ्या रकान्यात प्रत्येकाचं नाव, आडव्या ओळीत टप्पे: आखणी, पाया, जोतं, लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई), स्लॅब, छप्पर, गिलावा, अंतिम मोजमाप. प्रत्येकाने दोन हंगामांत प्रत्येक टप्पा निदान एकदा प्रत्यक्ष पाहायचा. कोकणात बांधकामाचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा असतो, त्यात एखादा टप्पा हुकला की तो थेट पुढच्या वर्षीच भेटतो. तक्ता भिंतीवर असल्यामुळे कोणाचा रकाना रिकामा आहे ते सगळ्यांना दिसतं. सुरक्षिततेचा प्रश्न खोटा नाही, पण त्याचं उत्तर वाहनात आणि वेळापत्रकात आहे. साइटचा दिवस ठरलेला, दोघांनी जायचं, गाडी ऑफिसची, आणि परत निघायची वेळ अशी की शेवटची एसटी चुकणार नाही. ज्यांना दुचाकी येत नव्हती त्यांच्या शिकण्याचा आणि परवान्याचा खर्च ऑफिसने उचलला. धोरणाच्या दहा पानांपेक्षा हा खर्च जास्त कामी आला असं आमचं ठाम मत आहे.

शेवटच्या एसटीचा मुद्दा ऑफिसातही आहे. आर्किटेक्चर कॉलेजात रात्र रात्र जागण्याची सवय लागते आणि ती ऑफिसात तशीच चालू राहते. संध्याकाळी सहाला क्लायंटचा फोन येतो आणि बदललेला नकाशा सकाळी हवा असतो. गावाकडून येणारी, घरी म्हातारी माणसं किंवा लहान मूल असलेली व्यक्ती यात मागे पडते. करारपत्रात आम्ही आता लिहितो की दुपारी चारनंतर सांगितलेला बदल पुढच्या कामाच्या दिवशी धरला जाईल. क्लायंट कुरकुर करतात, पण करारात असल्यामुळे मान्य करतात.

क्लायंटची आणखी एक सवय मोडावी लागते. प्रकल्प एखाद्या बाईंच्या हातात असला की फोन येतो, "साहेब आहेत का?" साहेबांनी तो फोन घेतला आणि उत्तर दिलं, की प्रकल्प त्या क्षणी तिच्या हातून गेला. नियम असा: प्रकल्पप्रमुखच बोलेल, पत्रावर सही तिचीच आणि ठेकेदाराच्या बिलाचं प्रमाणपत्रही तिच्याच सहीने जाईल. बिल जिच्या सहीने सुटतं तिचं ठेकेदार ऐकतो, हे दोन बिलांतच दिसून येतं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या पट्टीतही कोणी काढलं, कोणी तपासलं, साइट कोणी पाहिली, ही नावं पूर्ण लिहायची. नुसती आद्याक्षरं लिहिली तर पुढे कोणाला श्रेय मागता येत नाही.

बाळंतपणाच्या रजेचं गणित छोट्या ऑफिसांना घाबरवतं, म्हणून ते मांडून दाखवतो. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे आणि ती 10 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना लागू होते. आर्किटेक्टची बहुतेक ऑफिसं या आकड्याच्या खाली असतात, त्यामुळे कायद्याच्या बाहेर राहतात. आम्ही रजा सगळ्यांना लागू केली. तीन वर्षांत एक रजा येईल असं धरलं तर सहा महिन्यांचा पगार 36 महिन्यांत साठवायचा, म्हणजे दरमहा एका पगाराचा सहावा भाग. तो वेगळ्या खात्यात टाकायचा आणि त्याला हात लावायचा नाही. हे जमतं. अडचण येते ती परत आल्यावर. तोपर्यंत तिचा प्रकल्प दुसऱ्याकडे गेलेला असतो आणि तिला किरकोळ कामं मिळतात. म्हणून रजेवर जाताना ड्रॉइंगची नोंदवही, ठेकेदाराशी झालेला पत्रव्यवहार, बाकी निर्णयांची यादी अशी फाइल करून ठेवायची आणि परतल्यावर तोच प्रकल्प तिच्याकडे जाईल असं लेखी द्यायचं.

लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष ज्येष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक बाहेरची व्यक्ती. त्याहून लहान ऑफिसातल्या व्यक्तीने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं असतं, तक्रारीची मुदत तीन महिने. स्थानिक समितीचा पत्ता ऑफिसच्या फलकावर आणि साइटच्या शेडमध्ये लावायचा. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि ऑफिसने दिलेलं वाहन हेही कायद्याने कामाचं ठिकाण असतं, म्हणजे साइटही त्यात आली, हे ठेकेदारांना माहीत नसतं. आणि त्रास देणारा क्लायंटच असेल तर? ऑफिस गप्प बसतं, कारण फी अडकलेली असते. करारात एक कलम टाका: असं घडल्यास काम सोडण्याचा हक्क आर्किटेक्टला राहील आणि पूर्ण झालेल्या टप्प्यांची फी देय राहील.

अंदाजपत्रकातल्या ओळी

आता ज्या कामात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला ते. कोकणातल्या साइटवर चिऱ्याची, वाळूची, खडीची वाहतूक मोठ्या प्रमाणावर बायका करतात. पुष्कळदा कर्नाटकातून आलेली कुटुंबं असतात. नवरा गवंडी किंवा बिगारी, बायको बिगारी, आणि ठेकेदार हिशोब करतो 'जोडी'चा. जोडीचा रोज ठरतो, पैसे नवऱ्याच्या हातात जातात आणि हजेरीपटावर बाईचं नावच नसतं.

नाव नसण्याचे परिणाम दूरवर जातात. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षभरात किमान 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, वय 18 ते 60. बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर याच कामगारांसाठी भरला जातो. ज्या बाईने पाच महिने चिरे वाहिले तिच्याकडे दाखवायला एकही कागद नसतो, त्यामुळे बाळंतपणाचं साहाय्य, मुलांची शिष्यवृत्ती यांतलं काहीच तिला मिळत नाही.

टेंडरमध्ये आम्ही अट टाकली: हजेरीपटावर प्रत्येक व्यक्तीची वेगळी ओळ, वेगळी सही किंवा अंगठा आणि मजुरी त्या व्यक्तीच्याच खात्यात. खातं नसेल तर टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेत उघडता येतं, गावातलं पोस्ट ऑफिस ते करून देतं. पहिल्या बिलासोबत हजेरीपटाची प्रत जोडायची. ठेकेदार एक पळवाट काढतात ती अशी: बाईची ओळ घालतात आणि तिचा रोज पुरुष बिगाऱ्यापेक्षा कमी लावतात. म्हणून टेंडरमध्ये दर कामाला बांधला. घमेलं वाहणाऱ्याचा रोज इतका, मग वाहणारं कोणीही असो. 90 दिवसांचा दाखला हंगामाच्या शेवटी, मे महिन्यात, माणसं गावी जाण्याआधी भरून द्यायचा. जूनमध्ये पाऊस लागला की साइट रिकामी होते आणि मग कोणाला शोधणार?

वाहतुकीचंच घ्या. कोकणात रस्ता वर आणि प्लॉट खाली, मध्ये पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. अंदाजपत्रकात 'लीड आणि लिफ्ट' नावाने या जादा वाहतुकीचा दर धरलेला असतो, तो ठेकेदाराला मिळतो आणि ओझं डोक्यावर घेणाऱ्या बाईच्या रोजात एक रुपयाही वाढत नाही. जांभ्याचा एक चिरा आकाराप्रमाणे 30 किलोच्या घरात भरतो, सिमेंटची गोणी 50 किलोची. आम्ही या ओळीचे दोन भाग केले: फळ्यांची उतरंड, हातगाडी आणि कप्पीसाठी एक रक्कम, आणि वाहणाऱ्यांच्या रोजातली वाढ ही दुसरी. चिरा आणि गोणी एकट्याने उचलायची नाही, हा नियम पुरुषांनाही लागू केला. कंबर त्यांचीही जाते.

संडासाची ओळ लिहिताना काय काळजी घ्यावी लागते ते सांगण्यासारखं आहे. 'कामगारांसाठी तात्पुरती सोय, ठोक रक्कम' असं लिहिलं की ठेकेदार त्यापुढे शून्य टाकतो किंवा 'इतर बाबींत समाविष्ट' लिहितो. म्हणून ते मोजमापाचं काम म्हणून लिहायचं. बायकांसाठी वेगळी खोली, आतून 1.2 बाय 1 मीटर, पत्र्याच्या भिंती 2.1 मीटर उंच, वर छप्पर, खाली जमिनीपर्यंत बंद, आतून कडी, 200 लिटरचं पाण्याचं पिंप, झाकणाची कचरापेटी आणि संध्याकाळी दिसेल असा दिवा. शोषखड्डा विहिरीपासून किमान 15 मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्याला भेगा आणि पोकळ्या असतात, त्यातून पाणी कुठून कुठे झिरपेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे जागा असेल तर अंतर आणखी वाढवायचं. महिन्याची सफाई ही वेगळी ओळ, महिन्याच्या दराने.

एवढं लिहूनही दोन गोष्टी बिघडतात. एक, संडास स्लॅब पडल्यावर उभा राहतो, कारण ठेकेदाराच्या लेखी ते शेवटचं काम. दोन, त्यात सिमेंटच्या गोण्या भरतात, कारण साइटवर ती एकच कोरडी आणि कडी असलेली खोली असते. पहिल्यावर उपाय: खोदाई सुरू करण्याची लेखी परवानगी संडास वापरात आल्यावरच द्यायची. दुसऱ्यावर उपाय: सिमेंटच्या शेडची ओळही टेंडरमध्ये ठेवायची. गोण्यांना जागा दिली की त्या संडासात जात नाहीत.

पाळणाघराची कायदेशीर सक्ती मोठ्या साइटलाच लागते. आमच्या साइटवर पाच-सहा बायका असतात, म्हणजे कायदा कधीच लागू होत नाही आणि मूल वाळूच्या ढिगावर खेळत राहतं. शेडला लागून 9 चौरस मीटरची सावलीची, सपाट जमिनीची जागा, पिण्याचं पाणी आणि त्यांच्यातलीच एक बाई पूर्ण रोजावर मुलांपाशी, असं अंदाजपत्रकात धरतो. तीन वर्षांवरच्या मुलांची नावं गावच्या अंगणवाडीत घालायची. बाहेरून आलेल्या कुटुंबांना ती खुली आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. एकदा सेविकेची आणि आईची गाठ घालून दिली की पुढचं सुरळीत होतं.

बिगारी बाई गवंडी का होत नाही? हातात थापी कोणी देत नाही म्हणून. आम्ही टेंडरमध्ये प्रत्येक टोळीमागे एका महिलेला गवंडीकाम शिकवण्याचे रोज धरले, शिकणारीचे आणि शिकवणाऱ्याचे दोघांचेही. शिकवणाऱ्याला पैसे धरले नाहीत तर तो तिला दिवसभर माल कालवायला लावतो, आणि ते तिला आधीपासून येतच असतं. क्रम असा ठेवला: आधी चिऱ्यांमधल्या फटी म्हणजे दरजा भरणं, मग ओळंबा आणि पाण्याची नळी वापरून पातळी काढणं, मग आतली पडदी, शेवटी गिलावा. दरजांपासून सुरुवात यासाठी की चूक झाली तरी खरवडून पुन्हा भरता येते, भिंत पाडावी लागत नाही. ड्रॉइंगवरच्या सूचना मराठीत आणि मापं मिलिमीटरबरोबर फूट-इंचांतही लिहितो. साइटवर टेप कुठलीही असो, डोक्यातलं माप फुटातच असतं.

नकाशा कोणाला विचारून

कोकणातली कितीतरी घरं राबतात बायकांच्या हातावर आणि नकाशा ठरतो मुंबईहून, चाकरमान्याच्या फोनवर. त्यामुळे पहिल्या बैठकीनंतर आम्ही घरातल्या बायकांबरोबर स्वतंत्र बैठक घेतो, तीही स्वयंपाकघरात किंवा मागीलदारी. मासळी कुठे साफ करता, पावसाळ्यात कपडे कुठे वाळतात, लाकडं कुठे रचता, आमसुलं आणि फणसपोळी वाळत कुठे घालता, रात्री न्हाणीपर्यंत जायला दिवा आहे का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर फोनवरून मिळत नाही. ओट्याची उंची गवंडी सवयीने 34 ते 36 इंच ठेवतो. काम करणाऱ्या बाईचं कोपर जमिनीपासून किती उंच ते मोजून त्यातून 10 ते 15 सेंटिमीटर वजा करा. दीड मीटर उंचीच्या बाईसाठी ओटा 80 ते 84 सेंटिमीटरच्या दरम्यान येतो, म्हणजे 32-33 इंच. हा फरक खांद्यांना वर्षानुवर्षं जाणवतो.

सार्वजनिक इमारतीत प्रश्न आणखी टोकदार होतो. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह याच कोकणात झाला. सार्वजनिक पाणी सगळ्यांचं, एवढ्या साध्या हक्कासाठी तो लढा होता. आजही गावचं सभागृह कुठल्या वाडीत बांधायचं यावर तिथे कोण जाणार ते ठरतं. जागा निवडण्याआधी आम्ही प्रत्येक वाडीतून त्या जागेपर्यंत चालून वाट नकाशावर काढतो. वाट कोणाच्या खळ्यातून जाते का, कोणाच्या देवळाच्या आवारातून जाते का, पावसात वहाळ (ओढा) आडवा येतो का, हे त्यात दिसतं. एखाद्या वाडीला दुसऱ्याच्या अंगणातून यावं लागत असेल तर ती जागा आम्ही लेखी कारण देऊन नाकारतो. पिण्याच्या पाण्याचा नळ दर्शनी भागात आणि एकच.

अपंगत्व असलेल्यांसाठी 2016 चा हक्क कायदा आहे, आणि सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी असू शकत नाहीत, सक्तीचेच हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं आहे. प्रत्यक्षात कोकणात अडचण सुरू होते जोत्यापासून. पावसामुळे जोतं 60 सेंटिमीटर तरी उचललेलं असतं. 1:12 च्या उताराने, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी या हिशोबाने, रॅम्प 7.2 मीटर लांब होतो, त्यात वर-खाली दीड-दीड मीटर सपाट जागा. ठेकेदार तो 1:6 ने उरकतो, आणि मग त्यावरून चाकाची खुर्ची एकट्याने नेता येत नाही. पण जमीन उताराची असेल तर वरच्या अंगाची जमीन बऱ्याचदा जोत्याच्या पातळीला येते. मुख्य प्रवेशच त्या बाजूने घेतला तर रॅम्प जवळजवळ लागतच नाही आणि सगळे एकाच दाराने आत येतात. म्हणून समपातळी रेषांची, म्हणजे जमिनीच्या चढ-उताराची, मोजणी आधी, नकाशा नंतर.

रॅम्पचा पृष्ठभाग तासलेल्या चिऱ्याचा करू नका, श्रावण येईपर्यंत त्यावर शेवाळ धरतं. ओल्या काँक्रीटवर खराट्याने आडव्या रेघा ओढलेल्या चांगल्या, आणि वर छप्पर असेल तर उत्तम. कठडा दोन उंचींवर, 70 आणि 90 सेंटिमीटर. खाऱ्या वाऱ्यात साधा लोखंडी पाइप टिकत नाही, स्टेनलेस घ्यायचं तर 316 प्रतीचं घ्या, 304 वर समुद्राजवळ तांबूस डाग पडतात.

उंबऱ्याचा प्रश्न निराळा. उंबरा पावसाचं पाणी अडवण्यासाठी असतो आणि लोकांची त्याच्यावर श्रद्धाही असते. तो काढा म्हटलं की घर नाराज होतं. चाकाला 12 मिलिमीटरपेक्षा उंच कड नको. आम्ही दाराबाहेर जमिनीत पन्हळ घेतो, वर जाळी, तिच्या फटी 12 मिलिमीटरच्या आत, आणि पडवी किमान दीड मीटर खोल ठेवतो, म्हणजे झड दारापर्यंत पोचत नाही. उंबऱ्याचं लाकूड जमिनीशी सपाट बसवतो, पूजा त्याचीच होते.

चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांच्या संडासासाठी नियमावल्यांमधलं किमान माप 1.5 बाय 1.75 मीटर आहे. खुर्ची जागच्या जागी फिरवायला दीड मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं, त्यामुळे भांडं आणि बेसिन बसल्यावर एवढ्या खोलीत खुर्ची वळत नाही. आम्ही 2 बाय 2.2 मीटर घेतो, दार 90 सेंटिमीटर मोकळं आणि बाहेर उघडणारं. बांधण्याआधी चुन्याने जमिनीवर खऱ्या मापाची खोली आखून चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीला त्यात फिरून पाहायला बोलावतो. तिला सल्लागाराची फी देतो आणि ती फीही अंदाजपत्रकात असते.

बारावीच्या आधी

हे सगळं करूनही अर्जदारच ठरावीक घरांतले असतील तर फार फरक पडत नाही. आर्किटेक्चरला गणित लागतं, आणि तालुक्याच्या गावातली मुलं अकरावीत ते सोडतात. म्हणून शाळेत जायचं ते दहावीच्या वर्गात. दहावीनंतर गणितासह तीन वर्षांची पदविका केली तरीही प्रवेशाची वाट आहे, हेही तिथेच सांगायचं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं पूर्ण शिक्षणशुल्क 2024-25 पासून माफ आहे, हे पालकांना माहीत नसतं. जात पडताळणीला मात्र वेळ लागतो: अनुसूचित जातीसाठी 1950 पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी 1961 पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा शोध अकरावीतच सुरू करायला हवा.

साइटचा हिशोब आम्ही काम संपल्यावर लगेच बंद करत नाही. ठेकेदाराच्या अनामतीतला एक भाग पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवतो. ऑक्टोबरात जाऊन रॅम्पवर शेवाळ आहे का, पन्हळ तुंबली आहे का, कठड्याला गंज धरला आहे का आणि मोठ्या संडासात झाडू-बादल्या ठेवल्या आहेत का ते पाहतो. हजेरीपटावरच्या प्रत्येकाला 90 दिवसांचा दाखला मिळाला याची पोच ठेकेदाराने जोडलेली असावी लागते. ती नसेल तर रक्कम सुटत नाही. त्याच आठवड्यात पुढच्या हंगामाच्या टेंडरचे दर लागतात, तेव्हा कुठली ओळ कमी दराने भरली गेली होती ते समोर असतं आणि तिथे दर वाढवून घेता येतो.